पाखरीच्या खुरांवरचं पाणी

खूर फाटला की खापर बाईच्या डोक्यावर फोडायचं, हे चौक गावाजवळच्या त्या खेड्याला फार सोयीचं होतं. पाखरी ही येसाजीची घोडी. मुंबई-पुणे सडकेवरून मोटारी धावायला लागल्या होत्या, तरी आसपासच्या गावांतला नवरदेव मारुतीला जायचा तो पाखरीवरूनच. घोडी येसाजीच्या मालकीची, पण दाणापाणी, खरारा, शेण काढणं, सगळं त्याची विधवा वहिनी भागूबाई करी. यंदाच्या लग्नसराईत पाखरीच्या पुढच्या उजव्या खुराला भेग पडली आणि गावाने एका दमात निकाल देऊन टाकला. विधवा बाई लग्नाच्या घोडीला हात लावते, दुसरं काय होणार!

भागूबाईचं डोकं फिरलं. तिचा नवरा हयातभर घोडी राखत आला होता, तेव्हा खुरातलं तिला कळत होतं. घोडीचं ठाण ती कोरडं ठेवी, ओल्या शेणात तिला उभी राहू देत नसे. नालबंदाने नाल ठोकताना खूर वरून जास्त कानसला, तर त्याच्याशी कडाकडा भांडे, कारण वरची चकाकी गेली की खूर वाळून ठिसूळ होतो. भेगेवर तिळाच्या तेलात मेण कढवून लावी. तरी दर लग्नाहून घोडी परतली की खुरावर चिखल वाळलेला आणि भेग आणखी वर चढलेली असायची. ती खुरावरच्या केसांच्या कडेला पोचली की घोडी कायमची लंगडी. आणि लंगडी झाली तर चुन्याच्या भट्टीवर गाडी ओढायला देऊन टाकायची, असं येसाजीने ठरवूनच ठेवलं होतं.

“भावजी, हिच्या पायाला पानी कोन लावतं?” तिने विचारलं.

“मी नाय बा,” येसाजी म्हणाला. “अन् वैनी, तू आता तिच्यापास्नं लांबच ऱ्हा.”

गावातल्या विठूच्या लग्नाला मग ती वरातीमागून निघालीच. विधवेने वरातीत जायचं नसतं, म्हणूनच तर आजवर तिने काही पाहिलं नव्हतं! वैशाखाचं ऊन, पायाखाली तापलेला फुफाटा, आणि दर दारात तांब्या घेऊन उभी असलेली सुवासिनी. नवरदेवाची घोडी दारात आली की तिचे पाय धुवायचे, असा यंदा नवाच मान निघाला होता. खूर पाण्याने फुगायचा, फुफाट्यात वाळून आवळायचा, पुढच्या दारात पुन्हा भिजायचा. अख्खी लग्नसराई हेच चाललेलं. आणि भेग वाढवणाऱ्या या सगळ्याजणी वर हातही जोडत होत्या!

भागूबाईने पुढे होऊन लगाम धरला. “बास करा! मान देताय का मुक्या जनावराचा जीव घेताय?”

वाजंत्री थांबली. विठूची आत्या जिजा किंचाळली, “अगं बया! रांडमुंड बाई नवऱ्याच्या म्होरं! हिच्या सावलीनंच खूर फाटला!”

“सावलीनं खूर फाटत नाय गं जिजा, तुमच्या तांब्यानं फाटतो! भेग सांधत नाय कदी. वरनं नवा खूर वाढत येतो, तवा ती जाते. अन् तुमी त्याला वाढू देत नाय!”

ऐकतंय कोण! विठूला खाली उतरवलं. विटाळलेली घोडी शुद्ध करायची म्हणून जिजाने पाण्याने भरलेली घागरच उचलली. तांब्याने भागत नव्हतं, आता घागर! भागूबाई आडवी झाली आणि सगळी घागर तिच्याच अंगावर रिकामी झाली. तिने लगाम सोडला नाही.

“या घोडीवर आता कुनाचाबी नवरदेव बसायचा नाय,” जिजाने जाहीर केलं. विठू बिचारा मारुतीला पायी गेला.

घोडीबरोबर आलेल्या येसाजीने हातातला चाबूक भागूबाईच्या पायाशी आपटला. “झालं समाधान? हिला आता कोन बोलावनार? असलं अवलक्षणी जनावर भट्टीवाला बी दारात घेयाचा नाय. ऱ्हाऊ दे तुलाच!”

निथळत्या लुगड्यानिशी भागूबाईने पाखरीला घराकडे वळवलं. वाटेतल्या बायका पाखरीला पाहून तांबे घेऊन आत सरकल्या, काहींनी दारंही लावून घेतली. एकामागून एक दार मागे पडलं आणि पाखरी कोरड्या पायांनी चालत राहिली.

भागूबाई त्या दारांकडे बघून तोंडभर थुंकली आणि घोडीच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, “बरं झालं, बये. आता तुलाबी कोन दारात उभं करनार नाय. वाढव तुझा खूर निवांत.”