हाकेच्या अंतरावर

चौकटीच्या खालच्या कडेवरून बोळा शेवटचा फिरवून पॉलिशवाल्याने ती उजेडाकडे धरली.

"झाली. आता कुणी बोट लावलं तर हात तोडीन."

"तोड बाबा. पण आधी वेळेवर पोचव," सुतार रंधा न थांबवता म्हणाला.

चौकट चीनच्या सरहद्दीवर मारल्या गेलेल्या जवानाच्या फोटोसाठी होती. पोरगा मागच्याच गल्लीतला. लहानपणी लाकडाचे तुकडे मागायला कारखान्यात यायचा, भुशात लोळायचा. दोघांनी बाकीची कामं बाजूला सारून ती चौकट केली होती.

पॉलिशवाल्याला सगळे चिन्या म्हणत. नाव सुतारानेच ठेवलेलं. तो कामावर आला त्या पहिल्याच दिवशी, त्याचे बारीक डोळे नि चपटं नाक बघून.

"अरे, मी इथलाच आहे. माझे आजोबासुद्धा इथंच जन्मले," तो तेव्हा म्हणाला होता.

"माहीत आहे रे, चिन्या!"

सगळे हसले. तोही हसला. नाव चिकटलं ते चिकटलंच. सुताराची बायको त्याला चिनीभावजी म्हणे, मुलं चिनीकाका. तिच्या बाळंतपणात धावपळ केली ती चिनीभावजींनीच. यात कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं.

चौकट छातीशी धरून पॉलिशवाला बाहेर पडला. थोड्या वेळाने सुताराला बाकावर दोन हुक पडलेले दिसले. चौकट टांगायचे हुक. ते उचलून तो दाराशी धावला. पॉलिशवाला रस्ता ओलांडून पलीकडे पोचला होता, आणि तिकडूनच त्या पोराला शेवटचा निरोप देऊन माणसं परतत होती. बरीचशी तरुण, रडून डोळे लाल झालेली.

"ए चिन्या! अरे चिन्या, थांब!"

जन्मभर यंत्रांच्या घरघरीत बोलून सुताराचा आवाज खणखणीत झाला होता. पलीकडची सगळी डोकी एकदम वळली. आधी त्याच्याकडे, मग त्याच्या उंचावलेल्या हाताच्या रोखाने.

"कोण चिनी?"

"हा काय! इथंच आहे की!"

चौकट पडल्याचा आवाज सुताराला ऐकू आला. तो धावत सुटला. "आपला आहे रे तो! आपलाच आहे!" तो ओरडत होता, पण आता सगळेच ओरडत होते.

इस्पितळाचा जिना चढताना सुतार एक नाव तोंडातल्या तोंडात घोकत होता. खाटेजवळ पॉलिशवाल्याची मुलगी बसली होती.

"बसा काका," म्हणून ती उठली आणि बाहेर गेली.

पॉलिशवाल्याचा हात प्लास्टरमध्ये होता, एक डोळा सुजून मिटला होता. सुताराने घसा साफ केला आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारली. आईबापांनी ठेवलेल्या, पूर्ण नावाने.

उघडा डोळा त्याच्याकडे वळला.

"हे कुठून आणलंस?"

"तुझंच आहे की."

"घरचं आहे ते. घरीच राहू दे."

सुतार स्टुलावर टेकला. गुडघ्यावरचा न दिसणारा भुसा झटकत राहिला.

"त्या पोरांना सोडत नाही मी. एकेकाला हुडकून काढतो."

"नको. मित्राला पोचवून येत होती ती. त्यांनी मला कुठं ओळखलं? माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती." त्याने मान भिंतीकडे वळवली. "ओळख तू करून दिलीस."

आवाजात राग नव्हता. असता तर सुताराला बरं वाटलं असतं.

"मग आता हाक कशी मारू तुला?"

"मारू नकोस. जवळ येऊन बोलत जा."

प्लास्टर निघाल्यावर पॉलिशवाला कामावर आला. पहिल्याच सकाळी त्याने आपलं टेबल ओढून कोपऱ्यात नेलं. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे.

आता काही सांगायचं असलं की सुतार रंधा खाली ठेवतो, यंत्रांना वळसा घालून कारखान्याच्या त्या टोकाला जातो आणि त्याला समोरून दिसेल असा उभा राहतो. बोळा थांबतो. पॉलिशवाला मान वर करतो.

"बोल."

इतकं चालून येईपर्यंत कधीकधी सुतार विसरलेला असतो, काय सांगायचं होतं ते.

"काही नाही," तो म्हणतो, आणि तरी थोडा वेळ तिथंच उभा राहतो.