ताणावरची बाग

तंटामुक्त समितीत एक तरी बाई लागते, म्हणून सुभद्राला घेतलं होतं. सहा महिन्यांत तिनं नऊ बैठकांच्या कागदांवर सह्या केल्या आणि एकदा पंखा बंद करायला सांगितलं. तेवढीच तिची कामगिरी. आज दहावी बैठक, आणि तंटा तिचाच.

"वैनी, आज तुमाले खुर्चीवर बसता येत नाई," अध्यक्ष नत्थुजी भिंतीकडे पाहत म्हणाले. "इकडं सतरंजीवर या. नियम हाय ना बापा."

सुभद्रा उठून सतरंजीवर बसली. डिसेंबरात तिचे यजमान महादेवराव गेले, तेव्हापासून तिला खुर्ची काय नि सतरंजी काय, सगळं सारखंच लागत होतं. जेवणही. ती रडलीही नव्हती. बायांनी आधी त्याचं कौतुक केलं, मग त्याची चर्चा केली.

समोर हुसेन आणि त्याची बायको गुलनार. सुभद्राची संत्र्याची बाग आणि हुसेनचं वावर एकमेकांना लागून, मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोघांत एक विहीर. पाण्याची पाळी एक दिवस याची, एक दिवस त्याची. मोटरची पेटी मात्र सुभद्राच्या बाजूला, आणि त्या पेटीला तिनं नऊ दिवसांपासून कुलूप ठोकलं होतं. हुसेनचा कांदा वाळायला लागला होता.

"कुलूप काहून लावलं वैनी?" नत्थुजींनी विचारलं.

"त्यायलेच विचारा."

हुसेननं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी नांदगाव पेठेत सुताच्या मशीनवर होतो जी. वावरात येऊन दोनच साल झाले. भाऊ गेले, वैनी घरात बसल्या. मी बागेत पायलं तं पानं मलूल. म्हटलं मालक गेला, आता झाडंही जातीन. माह्या पाळीचं पाणी तिकडं वळवलं. तीन पाळ्या. माहा कांदा कोरडा ठेवून."

"अरे बावा!" चिटणीस देवीदासनं पेन खाली ठेवलं. "तो ताण होता ना!"

आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात संत्र्याचं पाणी तोडावं लागतं. झाड तहानेलं राहतं, पान मान टाकतं, आणि मुदत भरल्यावर पाणी दिलं की फूल धरतं. मध्येच पाजलं तर नुसता पाला. सुभद्राची दोनशे झाडं आज अशी हिरवीगार होती की रिद्धपूरला जाणारे लोक गाडी हळू करून पाहत. फूल मात्र औषधालाही नव्हतं.

"भाभी," गुलनार पुढं सरकली, "हा माणूस चहात मीठ टाकते. याले घरातलं समजत नाई, बागेतलं कुठून समजन? दोन मारा याले, मी धरतो. पण पेटी खोला."

सगळे हसले. सुभद्राला कळलं की इथं हसायचं असतं. तोंड हललं नाही.

"आता फूल तं येत नाई," नत्थुजी म्हणाले. "तुमाले पायजे काय? भरपाई?"

"नाई."

"मंग?"

तिला जे हवं होतं, त्यासाठी देवीदासच्या छापील कागदावर रकाना नव्हता. एका सोमवारी महादेवरावांनी स्वतः फावड्यानं पाट बंद केला होता. "आता चाळीस दिवस कोणी हात लावाचा नाई," म्हणाले होते. आठव्या दिवशी तेच गेले. घरात त्यांचं सगळं थांबलं; बागेत मात्र त्यांनी सुरू केलेलं एक काम चालूच होतं. सुभद्रा घरात बसून दिवस मोजत होती. बागेत कोणी जाईल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"ताण त्यायनं बसवला होता," ती म्हणाली. "तो पुरा व्हाचा होता."

हुसेनची मान खाली गेली.

"तुमी वैरी असते तं बरं झालं असतं हुसेनभाऊ. नीट भांडता तरी आलं असतं."

नत्थुजींनी घसा खाकरला. "मृगाचा बहार हाय ना वैनी. मे महिन्यात पुन्हा ताण बसवा. हुसेन राबन, तुमी सांगसान तसा."

"माह्याच्यानं होत नाई."

"मे महिन्याचं मे महिन्यात पाहू. कांदा तं आज मरून राह्यला."

ते खरं होतं. तिनं कमरेची किल्ली काढली. मन वळलं म्हणून नव्हे. कांद्यानं तिचं काही बिघडवलं नव्हतं.

"दोन सह्या करा," देवीदास म्हणाला. "इथं गैरअर्जदार, इथं समिती सदस्य."

तिनं दोन्हीकडे केल्या.

दुपारी वीज आली. सुभद्रानं पेटी उघडली, बटण दाबलं. गुलनार कांद्याकडे धावली. हुसेन मात्र एका संत्र्याखाली घुटमळत उभा राहिला.

"वैनी, ताण पुरा झाला, हे कसं समजते?"

सांगावं की नाही, याचाही तिला कंटाळा आला होता. तरी तिनं एक फांदी खाली ओढली.

"पान सकाळी पायजा. दुपारी तं सगळंच मलूल होते. सकाळीही उठलं नाई, तं समजजा."

"मंग पाणी?"

"मंग पाणी. त्याच्याआधी कितीही जीव तुटला तरी नाई."

"अजी, इकडं या!" गुलनार ओरडली. "पाट फुटला!"

हुसेन पळाला. तो माती नेमकी चुकीच्या बाजूला टाकणार, हे सुभद्राला इथूनच दिसत होतं. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग पदर खोचून, फावडं घेऊन त्याच्यामागं निघाली.