खारट विभूती आणि फुटकी बशी

वसई पूर्वेच्या आमच्या गाळ्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गाळ्यांतले कामगार मशिनं बंद करून आले होते, आचोळ्याहून बायका रिक्षा करून आल्या होत्या, आणि दारात सुकी मासळी विकणारी भागूबाई टोपलीसकट पहिल्या रांगेत बसली होती. मधोमध पाटावर ऊर्जानाथ महाराज. त्यांच्यासमोर आमचं मीटर, त्याला झेंडूचा हार. मी मर्लिन, या गाळ्याचं ऑफिस सांभाळते. दर रविवारी मिस्साला जाते, पण मीटरला हार घालणाऱ्यांशी माझं जमत नाही.

ही २००९ सालची गोष्ट. आम्ही एका खास पावडरीच्या वड्या दाबून भट्टीत भाजायचो. वडी कपबशीसारखीच टणक, रुपयाच्या नाण्याएवढी. बॅटरीत जे पेट घेणारं द्रव असतं त्याच्या जागी ही वडी बसवायची आणि लिथियमने तिच्यातून आरपार जायचं, असा बेत. तो किती सहज जातो ते मीटर सांगतं. आकडा मोठा तर वडी चांगली. आमचा आकडा कित्येक महिने हलायला तयार नव्हता.

ऋतिका ही आमची वड्या करणारी, सिरॅमिक शिकलेली पोरगी. आमचे मालक जितेंद्र सर, त्यांना सांगून सांगून ती दमली होती. "सर, भट्टीच्या आचेत वडीतला लिथियम उडून जातो. वडी त्याच पावडरीत पुरू, वर झाकण लावू, मग भाजू."

"एवढी महागाची पावडर नुसती पांघरूण म्हणून जाळायची?" जितेंद्र सर म्हणायचे. पावडर त्यांना महाग वाटली आणि महाराज मात्र परवडले.

महाराजांनी आल्या आल्या निदान केलं. भट्टी कुमारिका आहे, तिला बाईची सावली सोसत नाही. झालं, भट्टीच्या खोलीवर पत्र्याची पाटी लागली: स्त्रियांना प्रवेश नाही. ऋतिकाला पॅकिंगला बसवलं. आज मीटरने महाराजांचं ऐकलं तर ती कायमची तिथेच, असं सरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. सकाळी तिचे सुजलेले डोळे पाहिले आणि माझं डोकंच फिरलं.

"भक्तहो," महाराजांनी सुरू केलं, "वडी म्हणजे देह. लिथियम म्हणजे जीव. जीव देहात अडकलाय. त्याला मोकळं कोण करणार?"

"महाराज," गर्दी म्हणाली.

"शास्त्रज्ञ ज्याला कंडक्टिव्हिटी म्हणतात, त्याला आम्ही कृपा म्हणतो."

सरांनी वडी मीटरच्या चिमट्यात धरली. आकडा नेहमीसारखाच मरतुकडा. महाराजांनी कमंडलूत बोट बुडवलं, विभूतीत घोळवलं आणि मंत्र पुटपुटत वडीच्या काठाला गोल गोल चोळलं. वडी पुन्हा चिमट्यात. आकडा टुणकन वर, शंभरपट म्हणा ना.

मग काय विचारता. शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी फोडलेल्या नारळाचं पाणी माझ्या व्हाउचरांवर. सरांनी दोन कपाटांच्या मध्ये लोटांगण घातलं आणि तिथेच अडकले, त्यांना पाय धरून बाहेर ओढावं लागलं. प्रसाद म्हणून विभूती प्रत्येकाच्या जिभेवर पडली.

"खारा हाय गो परसाद," भागूबाई म्हणाली. "सुकटीवानी."

"कृपेची चव आहे ती, माई," महाराज म्हणाले.

सगळे चाटत होते आणि माना डोलवत होते. मीही चाटली. ऋतिकाने चाटली, पुन्हा चाटली, आणि तडक माझ्या टेबलाशी आली.

"मर्लिन आंटी, टाचण्या ठेवता ती फुटकी बशी द्या ना."

तिने बशीचा एक तुकडा चिमट्यात लावून सगळ्यांना दाखवला. मीटर शून्यावर. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "महाराज, हिच्यावरही कृपा करा."

महाराज जरा अडखळले. पण गर्दी रंगात आली होती. "करा, करा," चहूकडून सुरू झालं. करतात काय, चोळली विभूती. आकडा वडीच्याही वर गेला.

टाळ्या जोरात पडल्या, मग एकेक करून थांबल्या.

"बशीतून लिथियम जातो?" सरांनी विचारलं.

"बशीतून चहा जात नाही, सर. विभूतीत मीठ आहे. ओल्या मिठातून वीज धावते. ती वडीच्या आतून गेलीच नाही, काठावरून पलीकडे गेली."

"बशीतही देव आहे, बाळ," महाराज म्हणाले.

"असेल, महाराज. मग माझ्याच सावलीचं वावडं का?"

मी डब्यातलं मीठ पाण्यात कालवलं, बशीचा दुसरा तुकडा घेतला आणि मंत्राऐवजी भाजीची यादी म्हणत काठाला चोळलं. वांगी, दुधी, कोथिंबीर. आकडा वर. ऋतिकाने वडी स्पिरिटने पुसली, ओव्हनमध्ये वाळवली, पुन्हा लावली. आकडा खाली, होता तिथे.

मग गाळ्यात जत्राच भरली. मीठपाणी चोळून कुणी चिमट्यात बटण धरतोय, कुणी बिस्कीट, कुणी कंगवा. मीटर सगळ्यांवर प्रसन्न. भागूबाईने टोपलीतला बोंबील पुढे केला आणि मीटरचा हार काढून त्यालाच घातला. या गडबडीत महाराजांना ध्यानाची वेळ आठवली. कमंडलू विसरून गेले.

सरांनी स्वतः स्क्रू काढून पाटी उतरवली. शेवटी एवढंच म्हणाले, "ऋतिका, पावडर किती लागेल?"

पुढची खेप पावडरीत पुरून, झाकण लावून भाजली. आकडा वाढला. शंभरपट नाही, पण पुसून, वाळवून, पुन्हा लावून बघितलं तरी जागचा हलला नाही.

मला राग येतो तो याचा, की विभूती आम्ही सगळ्यांनीच चाटली होती. खारट आहे हे प्रत्येक जिभेला कळलं होतं. खारट का, एवढं एकीनेच विचारलं, आणि तिलाच आम्ही दाराबाहेर बसवणार होतो. तेव्हा बाबांनो, चमत्कार दिसला की आधी पुसून बघा, वाळवून बघा, फुटक्या बशीवर करून बघा. आणि तो चमत्कार कुणाला दाराबाहेर काढायला सांगतोय, तेही बघा.

ती पत्र्याची पाटी आता भट्टीच्या खोलीतच आहे. ऋतिका तिच्यावर गरम झाकणं ठेवते.