तासाला अर्धा अंश

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरांनी सांगितलं, आता बाळाला ऊब द्यायची. तासाला अर्धा अंश, त्याहून जराही जास्त नाही. घाई झाली तर झटके येतात.

जन्मल्यावर माझा मुलगा रडलाच नव्हता. काही मिनिटं मेंदूला प्राणवायू कमी पडला, म्हणून बहात्तर तास गार पाण्याच्या गादीवर, साडेतेहतीस अंशांत ठेवलेला. अंगावर लंगोटाशिवाय काही नाही. माझी आई पहिल्याच दिवशी डॉक्टरांवर उखडली होती : मांजरसुद्धा पिल्लाला कुशीत घेतं, आणि तुम्ही त्याला गारठवता?

मी तिला समजावलं. प्रयोगशाळेत पेशी वाढवणं हे माझं रोजचंच काम. सदतीसवरून तेहतीसला आणलं की पेशींना ते कळतं. त्या हात आखडता घेतात, बहुतेक कामं मंदावतात. काही मोजकी प्रथिनं मात्र जास्तच बनवतात, पडझड थोपवणारी. माझ्या हातून एकदा पेशींची अख्खी बशी मेली, ती गारव्याने नाही. मी घाईने ऊब दिली म्हणून.

"म्हणजे आपले बाळसाहेब काटकसर करतायत," आई म्हणाली, आणि तेव्हापासून पडद्यावरच्या आकड्यावर पहारा देत बसली.

चार वाजता आकडा पस्तीस पूर्णांक चार होता. सिस्टर शेजारच्या बाळाकडे गेल्या. मी त्याच्या पावलाला बोट लावलं. दगडासारखं गार, नखं जांभळट. तीन दिवस मी त्याला छातीशी धरलं नव्हतं. एवढीशी पावलं झाकून काय होणार आहे, असं म्हणत मी माझी शाल त्याच्यावर घातली. पावलांवर म्हणता म्हणता ती गळ्यापर्यंत ओढली.

पस्तीस पूर्णांक पाच. पूर्णांक सात. छत्तीस. मी आकडा पाहत होते आणि शाल काढायला माझा हात उठत नव्हता. त्याची डावी मूठ थरथरायला लागली.

आईने शाल खसकन ओढली आणि सिस्टरांना हाक मारली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "बशी कशी मेली होती गं?"

सिस्टरांनी त्याची मूठ आपल्या हातात धरली. थरथर थांबली.

"धरल्यावर थांबतंय. झटका नाही हा," त्या म्हणाल्या. त्यांनी गादी पुन्हा गार केली.

त्यानंतर मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. साडेसातला साडेछत्तीस झालं. डोक्याचा एमआरआय पुढच्या आठवड्यात. मेंदूला इजा झालीय का, हे तोवर कुणीच सांगणार नव्हतं. पण सिस्टरांनी त्याला उचलून माझ्या छातीवर ठेवलं. त्याने नाक घासलं आणि भोकाड पसरलं.

त्याला पांघरायचं मला धाडस होईना. मी आईकडे पाहिलं. इतका वेळ ती शालीवरच बसून होती. उठली, शाल झटकली आणि पुढे केली.

"आता घाल," ती म्हणाली.