फळीवरचं बाशिंग

अन्नपूर्णेचं डोकं कधी तापेल याचा नेम नव्हता, हे तिच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे वडील लटारू नाकेदार म्हणायचे, "या पोरीले चुलीपाशी बसवा, काडीपेटीचं काम नाई." पण चांद्याच्या नव्या कला-संग्रहालयात तिनं सबंध मे महिना राग गिळून काढला. नागपूरच्या चित्रकलेच्या शाळेतून सुट्टीतल्या उमेदवारीला आलेली ती एकटीच मुलगी. उमेदवारी हा शब्द ऐकायला भारी, पण त्याचा अर्थ फुकटची राबणूक असा होतो, हे तिला आल्या दिवशीच कळलं. मूर्तींवरची धूळ झटकायची, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं, चौकटींना तेल लावायचं आणि साहेब बोलायला लागले की मान हलवायची. यातलं शेवटचं काम सगळ्यांत जड.

साहेब म्हणजे वाडेगावकर, संग्रहालयाचे प्रमुख. एका शेठजींच्या देणगीतून इमारत उभी राहिली होती, पण अर्ध्या खोल्या ओस होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात उद्घाटन, मुंबईहून पाहुणे येणार, फोटोवाला येणार. साहेब नुसते गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते.

"जंगलातलं काहीतरी हवं," एक दिवस ते म्हणाले. "मुंबईच्या लोकांना हल्ली जंगलातलं आवडतं. तू तिकडचीच ना?"

ती तिकडचीच. सूरजागडच्या डोंगराखाली वडिलांचा जंगलखात्याचा नाका होता, आणि लहानपणी तिला काखेत घेऊन हिंडवलं ते मंगलीनं. मंगली माडिया जमातीची. नाक्यावर पाणी भरायला यायची, आणि अन्नपूर्णेची आई तापानं अंथरुणाला खिळली त्या वर्षी तिनंच या पोरीला भरवलं, न्हाऊ घातलं. पुढं मंगलीचं लग्न होऊन ती एटापल्लीच्या बाजूला नांदायला गेली. निघताना तिच्या भावानं, पोचूनं, तिला एक सागाची फळी कोरून दिली. माणसाच्या छातीएवढी उंच. फळीवर दोघं शेजारी शेजारी उभी, तो आणि ती, दोघांच्या खांद्यांवरून एकच लांब फडकं गेलेलं. सासरी बहिणीच्या दाराशी भाऊ उभा पाहिजे, कोणी वाकडं बोललं तर त्यानं ऐकलं पाहिजे, म्हणून. दोन पावसाळ्यांनी पोचू ताडावरून पडून मेला. फळी मंगलीच्या दाराशी उभी राहिली ती राहिलीच.

संग्रहालयात ठेवण्यासारखं त्याहून सुंदर काही अन्नपूर्णेनं पाहिलं नव्हतं. तिच्या शाळेतल्या गुरुजींना सुद्धा तसा नाकाचा शेंडा काढता आला नसता. म्हणून ती बाबूभाईच्या ट्रकमधून मंगलीच्या गावी गेली. बाबूभाई आलापल्लीहून बांबू भरून आणायचा, नाकेदाराच्या पोरीला तो नाही म्हणाला नाही.

मंगली मात्र पहिल्यांदा नाहीच म्हणाली.

"दारातून भाऊ गेला का बहीन उघडी पडते," ती म्हणाली.

"एका महिन्याची गोष्ट. लोकं पाहतीन तुह्या दादाचं काम. मोठेमोठे लोकं."

"अन् तेथी त्याच्यापाशी कोन राह्यते?"

"मी राहतो ना."

मंगलीनं घरात जाऊन लुगडं आणलं, फळी त्यात गुंडाळली आणि स्वतः उचलून ट्रकमध्ये ठेवली. "तुह्या शब्दावर देऊन राह्यलो," म्हणाली. "तेंदूपानाचं काम सरलं का मी येतो पाहाले. तवाच घेऊन येतो वापस."

चांद्याला ट्रक लागला तेव्हा साहेब ओट्यावर उभे होते. अन्नपूर्णा बाबूभाईला म्हणाली, "जोडी जपून उतरवजा, बाबूभाई."

जोडी. बैलांची असते, चपलांची असते, भावाबहिणींचीही असते. झाडीच्या मुलखात लहान मुलं सुद्धा हा शब्द बोलतात आणि त्यात कुणाला काही वाकडं दिसत नाही. साहेबांनी लुगडं बाजूला केलं आणि त्यांचे डोळे चकाकले.

"वा, जोडपं," ते म्हणाले.

"जोडपं नाही साहेब. भाऊ-बहीण आहेत. हा पोचू, ही मंगली. पोचू वारला, मंगली आहे, ती बघायला येणार आहे." तिनं सगळं सांगितलं, सासर, दार, खांद्यावरचं फडकं, सगळं. साहेबांनी मान हलवली. मान हलवण्याचं काम त्यांनाही येत होतं तर.

त्या महिन्यात तिथं तिला एकच माणूस गोड वाटलं, ती साहेबांची धाकटी बहीण कुमुदताई. साहेब सडे, म्हणून सुट्टीत ती अमरावतीहून त्यांचं घर पाहायला आली होती. दुपारी डबा घेऊन यायची आणि त्यातली भाकर अन्नपूर्णेलाही द्यायची. "आईबाप गेले तेव्हा मी एवढीशी होते," ती एकदा पोचूच्या फळीसमोर उभी राहून म्हणाली. "दादानंच वाढवलं मला. तुझ्या मंगलीचं मला सांगावं लागत नाही." अन्नपूर्णेला वाटलं, चला, या घरात निदान एकाला तरी कळलं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी ती मोठ्या दालनात शिरली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फळीवरच्या दोघांना बाशिंगं बांधली होती. जरीच्या कागदाची, लोंबत्या मण्यांची, बाजारातून आणलेली कोरी करकरीत बाशिंगं. फळीच्या पायाशी तांदळाच्या अक्षता, दोन नारळ. आणि वर पाटी: वनातले वधूवर.

"साहेब, हे कोणी केलं?"

"मी," वाडेगावकर शांतपणे म्हणाले. "काय उठाव आला बघ. काल नुसतं लाकूड होतं."

"मी तुम्हाला सांगितलं होतं, भाऊ-बहीण आहेत."

"सांगितलंस. पण भाऊ-बहीण म्हटलं की माणूस पुढच्या खोलीत जातो. नवरा-नवरी म्हटलं की थांबतो. कला म्हणजे काय शाळेचा दाखला आहे, खरं तेच लिहायला? आणि जोडी हा शब्द तुझाच, माझा नाही."

हा घाव बरोबर लागला. तिला स्वतःच्या जिभेचा सुद्धा राग आला. पण तो एका क्षणापुरताच, कारण जीभ चुकली नव्हती, कान खोटे होते.

"मंगली आज येणार आहे, साहेब. तिच्या नवऱ्यासोबत. त्यांच्यात हे किती मोठं पाप आहे, तुम्हाला माहीत आहे? त्यांच्यातच कशाला, आपल्यात?"

"अगं, ती कुठे पाटी वाचणार आहे?"

"बाशिंग वाचावं लागत नाही."

उत्तर नसलेला माणूस हुकूम देतो. त्यांनी तिला दालनाबाहेर काढलं, कुलूप लावलं, किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि तिला मागं पन्हं करायला पाठवलं. उकडलेल्या कैऱ्या तिनं अशा काही पिळल्या की कोयीवर धागा राहिला नाही. ती मनात म्हणत होती, हे शिकलेले लोक. यांना काही कळत नाही असं आम्ही समजतो आणि माफ करतो. यांना सगळं कळतं. कळून करतात हे. लाज त्यांनी फक्त आपल्या घरापुरती ठेवलेली असते, दुसऱ्याच्या घरात शिरताना ती चपलेसारखी बाहेर काढतात.

बाबूभाईचा ट्रक लागला की आधी मंगलीला गाठायचं, हे तिनं ठरवलं होतं. पण पाहुणे आले, पन्ह्याचे पेले भरता भरता तिचा हात गुंतला, आणि ट्रकचा आवाज मोटारींच्या आवाजात बुडाला. ती पेल्यांचं तबक घेऊन दालनात आली तेव्हा मंगली फळीसमोर उभी होती.

नवं लुगडं नेसून आली होती. केसांना तेल लावलं होतं. तिचा नवरा डोमा शेजारी होता. त्यानं फळीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि दालनाबाहेर निघून गेला. मंगलीनं त्याला जाताना पाहिलं, पण पाय हलवले नाहीत.

कोपऱ्यात साहेब पाहुण्यांना रंगवून सांगत होते. या दोघांचं प्रेम जमलं, गावानं विरोध केला, शेवटी या तरुणानं हे शिल्प कोरून तिचा हात मागितला. मुंबईची एक बाई म्हणाली, "किती गोड जोडपं आहे हो." फोटोवाला तिपाई मांडत होता. स्वागतगीत आटोपून कुमुदताई आत्ताच साहेबांच्या शेजारी येऊन हसत उभी राहिली होती, केसात मोगरा. साहेबांची गोष्ट तिनं ऐकली नव्हती, बाशिंगांकडेही तिचं अजून लक्ष गेलं नव्हतं.

मंगली वळली. तिचा आवाज मोठा नव्हता.

"अन्नू. तू त्याच्यापाशी राहतो म्हनली होती."

"होय."

"मंग माह्या दादाले माहा नवरा कोनं केला?"

अन्नपूर्णेनं तबक तिथंच खाली ठेवलं. ती फळीपुढं वाकली आणि तिच्यावरची दोन्ही बाशिंगं सोडली. कोणाला काही कळलं नाही. लोकांना वाटलं, समारंभातलाच भाग असेल. ती तडक कुमुदताईपाशी गेली.

"ताई, माफ करा," ती हळूच म्हणाली आणि एक बाशिंग तिच्या कपाळावर बांधलं. कुमुदताई गोंधळून हसली, हात वर गेला आणि मध्येच थांबला. दुसरं बाशिंग अन्नपूर्णेनं साहेबांच्या कपाळाशी धरलं.

"फोटोवाले भाऊ, आता काढा," ती सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाली. "पाहा किती छान जोडी दिसून राह्यली."

फोटोवाल्याला काय, तो हसून काळ्या कापडाखाली शिरला. मुंबईच्या बाईनं कौतुकानं टाळी वाजवली. ती टाळी पुरी व्हायच्या आत वाडेगावकरांनी अन्नपूर्णेच्या हाताला फटका मारला. बाशिंग फरशीवर पडलं, मणी घरंगळले.

"अक्कल गहाण ठेवलीस का?" त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "बहीण आहे ती माझी."

"होय," अन्नपूर्णा म्हणाली. "अन् हा मंगलीचा भाऊ होय. तुमची एका घडीची मजाक तुमच्यानं सोसली नाई, साहेब. हे बाई त सकायपासून लोकाइले नवरी दिसून राह्यली."

टाळी वाजवलेल्या बाईनं हात पदराखाली घेतले. कुमुदताईनं फळीकडे पाहिलं, वरच्या पाटीकडे पाहिलं. मग तिनं आपल्या कपाळावरचं बाशिंग स्वतः सोडलं आणि भावाच्या हातात दिलं.

"दादा, तुला सांगितलं होतं ना तिनं?"

साहेब ते बाशिंग कोटाच्या खिशात कोंबायला लागले.

मंगली कोणाच्याही तोंडाकडे पाहत नव्हती. तिनं पायानं अक्षता बाजूला सारल्या, नारळ ढकलले आणि फळीला हात घातला. एक शिपाई पुढं झाला, पण कुमुदताईनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो जागीच राहिला. फळी जड होती. घरून पाठवताना मंगलीनं एकटीनं उचलली होती, आज मात्र तिनं आपलीच बाजू धरली.

अन्नपूर्णा दूर उभी राहिली. जवळ जायचं तोंड तिला नव्हतं. डोमा बाहेर ट्रकपाशी पाठमोरा उभा होता, आणि त्याला कोणत्या तोंडानं काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. उद्या इथून आपल्याला काढतील, शाळेत कळवतील, हे तिला दिसत होतं, आणि त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं.

"उभी काऊन?" मंगली खेकसली. तिच्या आवाजातला राग तसूभर कमी झालेला नव्हता. "राहतो म्हनली होती ना त्याच्यापाशी? मंग धर दादाच्या बाजूनं. अन् घरापर्यंत चाल. तेथी सगळ्या गावासमोर तूच सांगशीन, कोन कोनाचा कोन होय ते."

अन्नपूर्णेनं पोचूची बाजू धरली.