लाल बादलीतली वाळू

जिथं-तिथं थुंकणाऱ्या माणसाची मला मनापासून किळस येते, आणि धामणगाव बढ्याच्या आमच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, सगळेच थुंकायचे. मजूर तंबाखू, मालक हिंमतराव सुपारी. सुपारी परवडायची फक्त त्यांनाच. थुंकायचे कुठं, तर आग विझवायच्या वाळूच्या लाल बादल्यांत! मी इंजिन चालवायचो. ती वाळू मीच मागून घेतली होती.

फॅक्टरी तपासायला नागपूरहून आलेल्या सरकारी साहेबानं बजावलं होतं, कापसाच्या आगीला पाणी, तेलाच्या आगीला वाळू. म्हणून पाण्याचा पितळी बंब कापसाच्या खोलीत टांगायचा. पण खंडेनवमीला इंजिनाची पूजा झाली, तेव्हा हिंमतरावांनी बंबालाही हळदकुंकू वाहून इंजिनाशेजारीच बसवलं. आता पुजलेला देव हलवायचा कुणी?

"मालक, वाळूत तरी थुकू नका," मी म्हणालो.

"काऊन बे निवृत्ती? ओल्या वाळूनं तं आग अजून लवकर इझते!" म्हणत त्यांनी बादलीतच पिचकारी मारली. सगळे खिदळले. राजा बोले, दळ हाले.

माघात इंजिनाचं तेल सांडून पेटलं. तेल घालणारा कडूबा कोपऱ्यात अडकला. दिवाणजी किसनरावांनी हाताशी होता तो बंब उचलून फवारा सोडला.

"पाणी नका मारू, तेल हाय ते!" मी ओरडलो. तोवर पेटतं तेल पाण्यावर तरंगत कडूबाच्या पायापर्यंत गेलंही. मी बादली उपडी केली, तर वाळू पडेचना. थुंकी आणि चुना सुकून तिची ढेप झाली होती. शी! नखांनी ओरबाडून ती घाण मी कडूबाच्या जळत्या पायावर फेकली. आग विझली.

पण पाय पुवानं भरला. बुलढाण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, जखमेत घाण गेली आहे, पाय कापावा लागेल. कडूबाची बायको रुखमाबाई घरी रडत जखम धूत होती, तेव्हा हिंमतराव दारात आले. तोंडात तोबरा होताच.

"कसं हाय आता?" त्यांनी हनुवटी वर करून विचारलं.

रुखमाबाईनं जखमेतून निघालेलं एक खांड तळहातावर धरून त्यांच्यापुढं केलं.

"मालक, आमच्यात सुपारी कोणी खात नाई. हे तुमचंच असन. घ्या."

हिंमतरावांनी इकडंतिकडं पाहिलं. मग तोंडातलं सगळं गिळून टाकलं.