पिठावरची खूण

आखातात, बुदैयाच्या रस्त्यावरचे ते भाड्याचे घर पूर्वी कुणा इंग्रज साहेबाने बांधून घेतले होते, म्हणून दिवाणखान्याच्या भिंतीत शेकोटी होती. जयप्रकाशने ती कधीच पेटवली नव्हती. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की धुराड्यातून थंड झोत आणि बारीक वाळू तेवढी खोलीत उतरे.

याच खोलीत आदल्या रात्री त्याची आई, रत्नाबाई, गेली. दिवाळीसाठी म्हणून नवऱ्याबरोबर मुलाकडे आली होती, ती जानेवारीपर्यंत राहिली होती. दहन इथल्याच स्मशानात झाले. संध्याकाळी वडिलांनी, बाळाजींनी, तिच्या जागेवर दिवा लावला. शेजारी ताटात पीठ पसरून हाताने सारखे केले आणि वर खजुराच्या पातीची टोपली पालथी घातली. सकाळी पिठावर जी खूण उमटेल, त्यावरून तिचा पुढचा जन्म कळायचा.

तेवढ्यात झोत आला आणि दिवा विझला.

"ते भोक बुजव, जया."

"दिव्याला आडोसा करतो की, अण्णा. भोक राहू दे."

"आणि टोपलीच्या फटींतनं पिठाला वारा लागतो, त्याचं काय?"

वारा लागावा, हेच जयप्रकाशला हवे होते. पीठ जरा हलले असते, तर अण्णांना त्यात पाखराचे पाऊल दिसले असते. मग गावी परसात उतरणाऱ्या प्रत्येक पाखराला त्यांनी दाणे घातले असते.

"थोडा लागला तर..."

"इंजिनियर ना रे तू? वाऱ्यानं काढलेली खूण मला नको. तिची हवी."

धुराड्याची झडप गंजली होती. जयप्रकाशने आत तांदळाचे पोते कोंबले, जुनी उशी कोंबली, तोंडाला प्लायवूड लावून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. बाळाजी हात फिरवून पाहत होते. "इथनं येतोय अजून." ज्योत सरळ उभी राहिली तेव्हाच ते खाली बसले.

सकाळी त्यांनी स्वतःच टोपली उचलली. चष्मा लावला, ताट खिडकीकडे कलते केले. पीठ तसेच सारखे होते.

"काही उमटलं नाही म्हणजे आई सुटली, अण्णा. आता जन्मच नाही. चांगलंच ना?"

"चांगलंच. तिच्या बाजूनं."

ताट खाली ठेवून ते म्हणाले, "मला वाटलं होतं, कुठंतरी असेल. काढ ते सगळं. कोंदल्यासारखं होतंय."

जयप्रकाशने पोते ओढून काढले. झोत खाली आला आणि ताटातल्या पिठावर बारीक रेषा उठल्या. बाळाजी त्या रेषांकडे पाहत राहिले. मग त्यांनी तळहाताने पीठ पुन्हा सारखे केले.